मॅनेजर साहेबांची बदली

माझ्या मॅनेजरइतका सभ्य माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडला नसता. फोन वाजला की घाई करायचा नाही. समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचा, मग जरा थांबून म्हणायचा, "क्षमस्व, ते शक्य होणार नाही." 'क्षमस्व' हा शब्द आमच्या गावात त्याच्याआधी कोणी तोंडातून काढला असेल असं मला वाटत नाही. छापलेला मात्र सगळ्यांनी पाहिला होता, बंद एटीएमच्या काचेवर. असा हा माणूस. त्याच्यात खोट एकच होती, तो मीच होतो.

ही वेळ माझ्यावर का आली ते सांगतो.

मी वाढलो मामाच्या बँडमध्ये. पिकअप गाडीवर स्पीकरचा मनोरा, त्याच्यापुढे एक लोखंडी खुर्ची, खुर्चीवर मी आणि मांडीसमोर कीबोर्ड. रस्ते आमच्याकडचे असल्यामुळे मला दोरीने खुर्चीला बांधलेलं असायचं. अंगात लाल डगला, खांद्यांवर सोनेरी गोंडे. एप्रिल-मे महिन्यात, दुपारच्या वरातीत, त्या डगल्याच्या आत काय चालतं हे फक्त मला आणि कणसं भाजणाऱ्यालाच कळेल. वर्षानुवर्षं मी असा बांधलेल्या अवस्थेत कला सादर केली आहे.

त्या खुर्चीवर बसून बसून मी गाणी करायला लागलो. आपल्या अहिराणीत, आपल्या चालीत. पैकी एक चाललं. भरताचं गाणं. नवा जावई सासरी येतो, मळ्यात पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजतात, भरीत तिखट होतं आणि जावई रुसून कपाशीत जाऊन बसतो. एवढंच. पण वऱ्हाडी त्यावर असे नाचले की एकदा नवरीकडचा खरा जावई खरोखर रुसला. लोकांनी मोबाइलवर चित्रण केलं, ते गावोगाव फिरलं. त्यावर नाव मामाच्या बँडचं. बरोबरच होतं, गाडी मामाची, स्पीकर मामाचे, दोरीसुद्धा मामाची.

मग प्रकाशा गावाच्या बाजूला एका लग्नात एक वऱ्हाडी गाडीवर चढला. थोडी घेतलेली होती, पण गाण्यातलं कळत होतं, निदान त्याचं तसं मत होतं. माझं भरताचं गाणं त्याने अर्ध्यात थांबवलं, खिशातून मोबाइल काढून माझ्या कानाला लावला आणि म्हणाला, "तुले जमत नही. हाई आयक. अस्सल असं शे."

मोबाइलमध्ये मी वाजवत होतो.

त्या रात्री झोप लागली नाही असं लिहायला बरं दिसलं असतं. लागली, चांगली लागली. पण सकाळी उठून मी मामाकडे गेलो आणि सांगितलं की आता मी माझ्या नावाने वाजवणार. मामा दाढी करत होता. त्याने आरशातूनच माझ्याकडे पाहिलं.

"जाय भाचा," तो म्हणाला. "पन तुन्हा डगला खुटीवरच ऱ्हाई. आखाजीलोंग."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तिथपर्यंत आपल्या जोरावर उभा राहिलास तर ठीक, नाहीतर डगला आहे, खुर्ची आहे, दोरी आहे, असा त्याचा अर्थ. मामा रागावला असता तर परवडलं असतं. त्याच्या आवाजात काळजी होती, आणि खुंटीवरच्या डगल्याला त्याने लगेच प्लॅस्टिकची पिशवी घातली, धूळ बसू नये म्हणून.

एक कीबोर्ड, एक माईक, दोन स्पीकर आणि माझी स्वतःची गाणी, एवढ्या भांडवलावर मी स्वतंत्र झालो. पहिला कार्यक्रम चुलत मावशीच्या सासरचा होता. मी अट घालणार होतो की फक्त माझीच गाणी वाजतील. तोंड उघडलं तर समोर मावशीचे सासरे. ते म्हणाले, तू काय परका आहेस का, घरचा माणूस. मी म्हणालो, नाही, परका नाही. तिथेच संपलं. संध्याकाळभर पोरांनी सांगितलेली सिनेमाची गाणी वाजवली. जेवणाची पंगत बसली तेव्हा वाढायला माणूस कमी पडला, आणि घरचा माणूस तर मीच होतो. त्या लग्नाचा व्हिडिओ आहे. त्यात मी वरण-बट्टी वाढताना स्पष्ट दिसतो. कीबोर्ड कुठेही दिसत नाही.

दुसरा कार्यक्रमही असाच गेला. तिसऱ्यात तर मी आदल्या दिवशीच मांडव घालायला गेलो होतो.

माझ्या एका मित्राचं मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. माझे व्हिडिओही तोच काढतो. त्याने मोबाइलवर कुठेतरी पाहिलं होतं की कलाकाराने स्वतः बोलणी करायचीच नसतात. जो स्वतः फोन उचलतो त्याची किंमत नसते. मॅनेजर ठेवावा लागतो. मी म्हटलं, मॅनेजर ठेवायला आधी कलाकार चालायला पाहिजे. त्यावर त्याने गल्ल्यातून एक नवं सिमकार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. पुढे पश्चात्ताप झाला तेव्हा त्याचं म्हणणं पडलं की त्याने फक्त सिमकार्ड विकलं होतं.

मॅनेजरचा आवाज कुठून आणायचा हा प्रश्न होता. अहिराणीत बोललो तर लगेच ओळखणार. मग शुद्ध मराठी. पण शुद्ध मराठी आमच्या कानावर पडते कुठे? शाळेत हेडमास्तरांकडून, आणि सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत, भोंग्यावरून. त्या भोंग्यावर एक गृहस्थ हरवलेल्या माणसांची नावं पुकारायचे, इतक्या शांतपणे, इतक्या अदबीने, की लहानपणी मला मुद्दाम हरवावंसं वाटायचं. मी तोच आवाज घेतला. खालच्या पट्टीतला, नाकात जरासा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी श्वास सोडणारा. "नमस्कार. मी कार्यालयातून बोलतोय."

कार्यालय म्हणजे आमचा गोठा. घरात आई असायची, गल्लीत माणसं. गोठ्यात फक्त म्हैस. ती मध्येच ओरडली की मी म्हणायचो, कार्यालय जरा गावाबाहेर आहे. आईने एकदा दाराआडून ऐकलं आणि घाबरून आत आली.

"कोनसंगे बोलस रे इतलं शुद्ध? बँकवालास्ना फोन शे का?"

तिला खरं सांगावं लागलं. तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. उलट तिला मॅनेजर आवडायला लागला. मी जेवताना चिडलो की त्याचाच दाखला द्यायची, "त्या मॅनेजरमायक बोलत जाय घरमा बी. कितला नरम बोलस तो."

आणि खरंच, त्या माणसाला जे जमायचं ते मला कधी जमलं नव्हतं. त्याला नाही म्हणता यायचं. अहिराणीत समोरचा माणूस कोणीतरी असतोच. कोणाचा मामा, कोणाचे दाजी, कोणाचे आबा, आणि त्यांनी मला नागडं पाहिलेलं असतं. नाही म्हणायला तोंड उघडलं की आपोआप 'कितला वाजता येऊ?' असं बाहेर पडतं. पण कार्यालयातल्या माणसाला मामा नसतो. तो सांगायचा, कलाकार फक्त स्वतःची गाणी सादर करतील. फर्माईश स्वीकारली जाणार नाही. फलकावर कलाकाराचंच नाव राहील, बँडचं नाही. कलाकार पंगतीत वाढणार नाहीत. लोक म्हणायचे, हो साहेब, बरोबर आहे साहेब. मी गोठ्यात उभा राहून थक्क व्हायचो. हीच माणसं मला 'ए वाजाडनारा' म्हणून हाक मारत होती.

छोटी-मोठी कामं यायला लागली. आणि मग आबांचा फोन आला.

आबा सारंगखेड्याजवळचे केळीचे मोठे बागायतदार, आमच्याच समाजातले. त्यांच्या मुलीची हळद होती, आखाजीच्या थोडी आधी. मोठं घर, मोठा मांडव, पंचक्रोशी जेवणार. तिथे माझ्या नावाचा फलक लागला, माझी गाणी वाजली, की मामाच्या खुंटीवरचा डगला तिथेच राहणार होता. आणि ते काम गेलं तर तोंड दाखवायला दुसरं मोठं काम आखाजीपर्यंत नव्हतं. मॅनेजरने अटी सांगितल्या. आबांनी सगळ्या मान्य केल्या.

इथे मी थांबायला हवं होतं. पण आबांना मॅनेजर आवडला. कामाचं बोलून झालं तरी ते फोन करायला लागले. केळीला यंदा करपा पडलाय, पाण्याची पाळी, मुलीचे सासरे बोलायला जरा कडक आहेत, असलं सगळं. मॅनेजर "अगदी खरं आहे, आबासाहेब" म्हणायचा. तेवढ्याने आबा खूश. असं शुद्ध बोलणारं माणूस आपल्याशी इतका वेळ बोलतं याचंच त्यांना अप्रूप. मलाही सवय लागली होती, खोटं कशाला सांगू. एवढ्या आदराने माझ्याशी तोपर्यंत कोणी बोललं नव्हतं.

एके दिवशी आबांनी विचारलं, "साहेब, तुमनं लगीन व्हयेल शे का?"

मी म्हणालो, नाही. मॅनेजरच्या तोंडून निघालेलं ते बहुधा पहिलंच खरं वाक्य.

आबांची एक भाची होती, शिकलेली. तिच्यासाठी असाच शांत, नोकरीतला मुलगा बघत होते. हे ऐकून मी पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर बसलो. कारण त्या भाचीसाठी गेल्याच वर्षी माझं स्थळ गेलं होतं. एका नातेवाईकाने नेलं होतं आणि दोन दिवसांत परत आणलं होतं. आबांनीच विचारलं होतं, मुलगा काय करतो. वाजवतो म्हटल्यावर म्हणाले होते, मग राहू द्या.

आता त्याच घरातून माझ्याकडेच माझी चौकशी आली. मांडव कुठे, स्पीकर कुठे हे बघायला आबांनी मला, म्हणजे कलाकाराला, मळ्यात बोलावलं. जागा बघून झाल्यावर मला केळीच्या झाडांच्या आड नेलं.

"मानूस कसा शे तो?"

"चांगला शे."

"दारू पेस का?"

"नही."

"तुले कशा काय भेटना तो?"

मी म्हणालो, योगायोग. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सांभायी ठेव त्याले. तुन्हामायक वाजाडनारा गल्लोगल्ली भेटतीन. तसा मानूस भेटाव नही."

मग त्यांनी त्यांची अट सांगितली. हळदीला मॅनेजर यायलाच पाहिजे. भाचीकडची मंडळी येणार, मुलगा बघून घेतील. तो येणार असेल तर कार्यक्रम, नाहीतर आबांच्या साडूचा डीजे होताच.

मी घरी न जाता सरळ मित्राच्या दुकानात गेलो. त्याने सगळं ऐकलं, एका गिऱ्हाईकाचं रिचार्ज केलं आणि म्हणाला, बदली करून टाक. मला ते फार पटलं. नोकरीतल्या माणसाची बदली होते यावर आमच्याकडे कोणी शंका घेत नाही. मास्तर जातात, तलाठी जातात, मॅनेजरही जाईल. मी तिथूनच फोन लावला. मॅनेजरने दुःख व्यक्त केलं, आबासाहेबांचा स्नेह विसरणार नाही म्हणाला, आणि कळवलं की त्याची पुण्याला बदली झाली आहे, त्यामुळे हळदीला येणं शक्य होणार नाही. क्षमस्व.

पलीकडून मग आबांचा आवाज आला, उजळलेला.

"पुनाले? मंग ते आखोच चांगलं. आम्हनी पोरनं बी हाईच म्हननं शे, पुनाना जोयजे."

भाचीलाही पुण्याचाच मुलगा हवा होता. हळद आटोपली की सगळे मिळून पुण्याला घर बघायला येऊ, पत्ता तेवढा पाठवा, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मित्र काउंटरखाली वाकून काहीतरी शोधायला लागला. तो बराच वेळ वर आला नाही. त्याचे खांदे हलत होते.

पुण्यात माझं घर नाही. पुण्यात मी एकदाच गेलो आहे, ते आत्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनला, आणि तिथेही शुद्ध बोलायची वेळ आली नव्हती. आता पुढची पायरी म्हणजे मॅनेजरला परदेशी पाठवणं, नाहीतर मारणं. परदेशी पाठवला असता तर आबांनी भाचीचा पासपोर्ट काढला असता. आणि मारायला माझा हात धजेना. अशा माणसाला कोणीतरी भाची द्यायला निघालंय, आणि आपण त्याला मारायचं?

दुसऱ्या दिवशी मी आबांच्या मळ्यात गेलो. केळीचे घड उतरवून ट्रकमध्ये भरणं चाललं होतं. आबा घडांवर हात फिरवत उभे होते.

"आबा, मॅनेजर नही शे," मी म्हणालो.

"पुनाले गया. माले माहीत शे."

"गया नही आबा. व्हताच नही. तो मीच व्हतू."

आबांनी माझ्याकडे बघितलं, अगदी मायेने. आणि मला समजवायला लागले की दुसऱ्याचं चांगलं होत असलं की पोटात दुखतं, माणसाचा स्वभावच तो, पण चांगल्या माणसाचं स्थळ मोडू नये, पाप लागतं. ते मला पंधरा मिनिटं मॅनेजरचे गुण सांगत होते. मी ऐकत होतो. काही गुण तर माझ्याही लक्षात आले नव्हते.

शेवटी इलाजच उरला नाही. ट्रकवाल्यांच्या देखत, केळीच्या घडांमध्ये उभा राहून, मी आवाज खाली नेला, नाकात घेतला आणि म्हणालो, "नमस्कार आबासाहेब. मी कार्यालयातून बोलतोय."

आबांचा हात आपोआप टोपीकडे गेला. "नमस्कार साहेब," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हाताकडे. घड उचललेला हमाल घड तसाच धरून उभा राहिला.

आबांनी तो हात हळूच खाली घेतला. मी काम गेलं असं धरूनच चाललो होतो. मनात मामाची खुंटी दिसायला लागली होती.

"मंग मॅनेजर नही," ते सावकाश म्हणाले. "मॅनेजर नही ते त्यान्ह्या अटी बी नही. पोऱ्यास्ले जे जोयजे ते वाजाड. तू घरनाच मानूस."

आला, तोच शब्द आला. माझा हात खिशातल्या दुसऱ्या मोबाइलवर गेला, खरंच गेला. पण समोरच उभ्या माणसाला फोन कसा लावणार. 'कितला वाजता येऊ' जिभेच्या टोकावर होतं. मी ते गिळलं.

"जमाव नही, आबा."

"काय?"

"मन्हाच गाना वाजाडसू. फलकवर नाव मन्हंच. आनि वाढाले येवाव नही." आवाज माझा मलाच चिरका वाटला, मॅनेजरची सर त्याला नव्हती. "घरना शे, म्हनीसन तोंडवर सांगी ऱ्हायनू."

आबांनी घडातलं एक पिकलेलं केळं तोडलं, सोललं, आणि सगळं खाऊन होईपर्यंत मला तसंच उभं ठेवलं. मग साल ट्रकखाली टाकून म्हणाले, "त्यानं बी हाईच सांगेल व्हतं. पन त्यान्हं आयकाले गोड लागे."

मी साडूच्या डीजेबद्दल चाचपडत विचारलं. त्यावर हमालच हसला. आबांची साडूशी बोलचालच नव्हती, गेली कितीतरी वर्षं. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, माझ्या मॅनेजरला सोडून.

"हयदले ये," आबा म्हणाले. "भाचीनं मातर इसरी जाय. तू वाजाडस."

हळदीला मी वाजवलं. फलकावर माझं नाव होतं, रंगाऱ्याने माझ्यापेक्षा मोठं काढलेलं. पोरांनी सुरुवातीला तोंडं वाकडी केली, दोन-तीनदा मोबाइल पुढे करून फर्माईश केली, मी मान हलवली. मग भरताचं गाणं लागलं तेव्हा आबांचे कडक व्याहीच आधी उठले. बायकांच्या घोळक्यात आबांची भाची होती. कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणालं, "हाऊच का तो पुनावाला?" सगळ्या हसल्या, तीही हसली, आणि जावई कपाशीत जाऊन बसतो त्या ओळीला माझा सूर गेला. कोणाच्या लक्षात आलं नाही. पंगत बसली तेव्हा वाढप्याची हाक आली. मी कीबोर्डची वायर गुंडाळत बसलो. फार वेळ लागतो त्याला, नीट गुंडाळली तर.

आखाजीला मामाकडे गेलो. अंगणातल्या निंबाला झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर आखाजीची गाणी म्हणत होत्या. आत खुंटीवर डगला होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मामाने हळदीबद्दल सगळं ऐकलेलं होतं. मॅनेजरबद्दलही ऐकलं होतं, पण अर्धंच, तो पुण्याला गेला इथपर्यंत. मला पुरणपोळी वाढायला सांगून तो जवळ सरकला.

"तो मॅनेजर फोनवर ते काम पाही सकस ना?" त्याने हळूच विचारलं. "मन्हा बँडनं बी त्यालेच पाहू दे. माले लोकस्ले नही म्हनता येत नही रे, भाचा."

ज्या माणसाने मला खुर्चीला बांधलं होतं त्याला कोणीतरी गाडीलाच बांधलेलं होतं, हे मला तोपर्यंत दिसलं नव्हतं. अर्धी लग्नं आम्ही का वाजवली ते आता कळलं. वाईट वाटलं. खिशात सिमकार्ड होतं. एकदा 'नमस्कार' म्हटलं असतं की मामाचा जन्म सुधारला असता, आणि मी पुन्हा मामाच्याच कामाला लागलो असतो, यावेळी बिनपगारी आणि शुद्ध मराठीत.

"नही, मामा."

"नही म्हंजे?"

"नही म्हंजे नही. त्यान्हं काम सुटनं."

मामा उठला. खुंटीवरून डगला काढला, पिशवी झटकली आणि माझ्या मांडीवर टाकला. "मंग हाऊ ली जाय. वावरमा बुजगावनाले घाल."

घातला. आमच्या ज्वारीत तो उभा आहे, लाल, सोनेरी गोंड्यांचा, हात पसरून. रस्त्यावरून जाणारे काहीजण त्याला मी समजून हाक मारतात. पाखरं मात्र बिनधास्त त्याच्या खांद्यावर बसतात आणि दाणे खातात. डगल्याची ती सवय जुनीच आहे. त्याला कोणाला नाही म्हणता येत नाही.